सातवीच्या वर्गातला बाळंतविडा

मनुबाईच्या घराण्यात कुणी कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि ही गोष्ट गावाला ठाऊक नसेल तर दोष गावाचा नव्हता, कारण मनुबाई ती सणावाराला सगळ्यांना ऐकवत असे. नदीकाठी काळ्या रानात ऊस, दारात म्हशी, थोरला मुलगा शिवतेज फौजेत. तिच्या दारात सकाळी ताकाला बायका यायच्या. मनुबाई त्यांची भांडी काठोकाठ भरायची आणि वर दोन शब्दही सुनवायची. ताक फुकट, पण बोलणं ऐकून घ्यायचं, असा तिचा रिवाज. द्यायचं कसं ते तिला चांगलं ठाऊक होतं. घ्यायचं कसं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकायची वेळही कधी आली नव्हती.

ती वेळ यंदाच्या श्रावणात आली. कृष्णा फुगली, पाणी आधी रानात शिरलं, मग गल्लीत, मग उंबऱ्यावर. मनुबाईचा नवरा दादासो म्हशी घेऊन वरच्या माळावर गेला, आणि मनुबाई सुनेला नि सुनेच्या कुशीतल्या मुलीला घेऊन बोटीत बसली. मुलगी इतकी नवी होती की तिचं बारसंही झालं नव्हतं. सगळे तिला नुसतं बाळी म्हणायचे. सून संयोगिता लहानपणीच आईला पारखी झालेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच झालेलं. मनुबाईने ते हौसेने केलं होतं. डिंक, खारीक, खोबरं सगळं डब्यात भरून ठेवलं होतं. ते डबे आता पाण्याखाली कुठे गडगडत होते कोण जाणे.

बोटीने त्यांना काठाला लावलं आणि तिथून ट्रॅक्टरने कुंडलच्या एका शाळेत आणून सोडलं. शाळेत पूरग्रस्तांचा मुक्काम पडला होता. सातवीच्या वर्गात, फळ्याखालच्या कोपऱ्यात, मनुबाईने सतरंजी टाकली आणि सुनेला भिंतीकडे बसवलं. बरोबर आणलेल्या गाठोड्यात ज्वारीच्या भाकरी होत्या, चटणी होती, थोडा गूळ होता. तेवढ्यावर आपण पाणी उतरेपर्यंत काढू, असं तिने ठरवून टाकलं. पाण्याला मात्र उतरायची काही घाई नव्हती.

शाळेच्या पटांगणात दोन्ही वेळेला रांग लागायची. कराडच्या व्यापाऱ्यांचा टेम्पो यायचा, सांगलीकडून कुणी यायचं. पीठ, डाळ, साड्या, चादरी. पत्र्याच्या शेडखाली मोठ्या पातेल्यात खिचडी शिजायची. रांगेत मनुबाईच्या गावच्याही बायका उभ्या असायच्या, अगदी तिच्याकडे ताकाला येणारी सोनियासुद्धा. मनुबाई खिडकीतून बघायची आणि खिडकीकडे पाठ करायची.

मुक्कामाच्या बाया-पोरांची काळजी क्रांती नावाची अंगणवाडी सेविका घेत होती. चटपटीत, बोलायला सडेतोड. पहिल्याच दिवशी ती वर्गात डोकावली.

"मनुकाकी, सुनेला जेवाय पाठवा की. गरम खिचडी हाय."

"बाळंतिणीला भात चालत न्हाई आमच्यात. वातूळ असतो," मनुबाई म्हणाली.

"मग तुमी तरी खावा."

"मला कुठं भूक हाय."

हे साफ खोटं होतं. मनुबाईच्या पोटात कावळे कोकलत होते. गाठोड्यातली स्वतःच्या वाटणीची भाकरी ती गुपचूप सुनेच्या पुढ्यात सरकवत होती आणि स्वतः पाणी पिऊन डोळे मिटत होती. ती दुष्ट नव्हती हो. सुनेसाठी तिने जीव टाकला असता. फक्त ताट घेऊन रांगेत उभं राहणं तेवढं तिच्याच्याने होत नव्हतं.

पण शिळ्या, वाळक्या भाकरीवर बाळंतिणीचं कसं भागणार? संयोगिताचा चेहरा उतरला. बाळी आधी जोरात रडायची, छतापर्यंत आवाज जायचा. मग ती अंगावर ओढून ओढून दमायला लागली, आणि मग तिचं रडणंच बारीक झालं. भुकेल्या पोराचं रडणं मोठं असतं तोवर बरं असतं, ते बारीक झालं की आईच्या काळजाचं पाणी होतं.

"आत्ती, दूध येत न्हाई वो," संयोगिता म्हणाली.

मनुबाई तडक उठली आणि क्रांतीला गाठलं. स्वतःसाठी मागणं तिला जमलं नसतं, पण नातीसाठी तिने जीभ रेटली. "एखादा दुधाच्या पावडरीचा डबा हाय का? माघारी देईन मी. दोन देईन."

क्रांतीने वर्गात येऊन बाळीला हातात घेतलं, तिचे ओठ बघितले, लंगोट बघितला, आणि संयोगिताची नीट विचारपूस केली. मग ती मनुबाईकडे वळली.

"काकी, पावडर देत न्हाई मी. पुराचं पानी, त्यात बाटली. पोरगी आजारी पडंल. आईला दूध येतंय, पर आई उपाशी हाय, भ्यालेली हाय, मग कसं उतरंल? बाळीला डबा नगं, बाळीच्या आईला ताट पायजे. दिवसातनं चार येळा. आन् सारखं अंगावर घ्या तिला. आज ती जेवली न्हाई, तर मला बाळीला उद्या दवाखान्यात न्यावं लागंल."

संयोगिता हे ऐकून सतरंजीवरून उठायला लागली. "मी जाती आत्ती. मीच उभी ऱ्हाती."

"खाली बस," मनुबाई म्हणाली. "फौजीची बायकू ताट घिऊन रांगंत? शिवतेजला काय सांगू मी?"

संयोगिता बसली. तिने सासूकडे असं बघितलं की मनुबाईला ती नजर चुकवावी लागली. शिवतेजला काय सांगू, हा प्रश्न तिने स्वतःच विचारला होता, आणि आता तो भलत्याच बाजूने तिच्या अंगावर आला होता. पोरीला काही झालं तर शिवतेजला काय सांगू?

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पत्र्याच्या शेडखाली, मोठ्या चुलीपासून थोडं बाजूला, तीन दगडांची एक वेगळी चूल होती. तिच्यापुढे एक बारकीशी, काटक म्हातारी पदर खोचून बसलेली असायची. ही चूल फक्त गरोदर बायका, बाळंतिणी आणि लहान पोरांसाठी. चंपाबाई म्हणायचे तिला. जैन शेतकरी घरातली. सकाळपासून ती कुणासाठी पातळ मुगाची खिचडी करायची, कुणासाठी नाचणीची पेज, कुणासाठी शेंगदाणे कुटायची. टेम्पोवाल्यांवर ओरडायची ती वेगळीच. "बिस्कीटं किती आनशीला रं? पोरांची पोटं बिस्किटानं भरत्यात व्हय? शेंगदाणं आणा, गूळ आणा, मूग आणा!" आणि गंमत म्हणजे ते पुढच्या खेपेला आणायचे.

मनुबाईला तिचा राग यायचा. ही कुंडलचीच कुणी मातब्बर बाई असणार, घरी ओट्यावर भरलेल्या कणग्या असणार, म्हणून इथं येऊन मिरवते आहे, असं तिने धरून टाकलं होतं. खरं सांगायचं तर राग दुसराच होता. मनुबाईला वाटत होतं, ती जागा माझी आहे. पळी माझ्या हातात हवी होती. मी देणारी, आणि आज मी खिडकीच्या आत, ती बाहेर.

नावं ठेवायला जागा शोधली की सापडते. चंपाबाईचं एक होतं. दिवस मावळायच्या आत तिची चूल विझायची. सूर्य बुडाला की ती विस्तवालाही हात लावायची नाही आणि अन्नालाही नाही. "दिवस बुडाला की हिच्या चुलीला सुट्टी," मनुबाई एकदा नाक मुरडून म्हणाली होती. तेव्हा क्रांती फटकन बोलली होती, "काकी, सगळ्या बाळंतिणी जेवल्याशिवाय त्या स्वतः जेवत न्हाईत. त्यात दिवस बुडाला, तर तशाच झोपत्यात. काल बी तशाच झोपल्या." ते मनुबाईच्या मनात कुठेतरी अडकून राहिलं होतं.

त्या दुपारी क्रांती सातवीच्या वर्गातून तणतणत बाहेर पडली ती सरळ चंपाबाईकडे गेली. दोघी काहीतरी बोलल्या. चंपाबाईने वर्गाच्या खिडकीकडे मान वळवून बघितलं आणि पुन्हा चुलीत लाकूड सारलं. मग ती उठली, हातात वाटी घेतली आणि शाळेच्या फाटकातून गावात निघून गेली. मनुबाईने हे सगळं बघितलं. आपल्याविषयीच बोलणं झालं असणार, हे तिने ओळखलं आणि ती आणखी ताठ झाली. आता ती बया ताट घेऊन येईल, चारचौघांत पुढ्यात ठेवेल, आणि मी ते परत पाठवीन. शब्दसुद्धा तिने तयार ठेवले.

चंपाबाई ताट घेऊन आलीच नाही. ती आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं, केस सारखे केले होते, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. जणू चुलीवरून नव्हे, परगावाहून एसटीने आली आहे. हातात एक पितळी डबा होता, काखेत घडी केलेलं काहीतरी, आणि कागदाच्या पुडीत हळदकुंकू. वर्गाच्या दारात ती पायातली चप्पल काढून थांबली.

"येऊ का अक्का? बाळंतिणीला बघाय आलो. बाळंतविडा आनलाय."

मनुबाईच्या तोंडातले तयार शब्द तोंडातच राहिले.

बाळंतविडा! नव्या बाळासाठी, त्याच्या आईसाठी नात्यातल्या बायका घेऊन येतात तो. मदत परत करता येते, वाटप नाकारता येतं, फुकटचं ताट ढकलता येतं. पण बाळंतविडा घेऊन दारात आलेल्या बाईला माघारी लावायचं म्हणजे बाळाच्या तोंडावर अपशकुन करायचा. मनुबाईच्या सात पिढ्यांत कुणी ते केलं नसतं. दारात उभ्या असलेल्या त्या बारक्या बाईला हे पुरतं ठाऊक होतं, आणि तिच्या डोळ्यांत ते दिसतही होतं.

"या," मनुबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? "बसा."

चंपाबाई सतरंजीवर बसली. तिने संयोगिताला हळदकुंकू लावलं, बाळीच्या कपाळावर बोट टेकवलं. मग डबा उघडला. आत लाडू होते. गव्हाचं पीठ भाजून, त्यात गूळ, शेंगदाण्याचा कूट, अळीव. कुंडलच्या घरोघरी फिरून "बाळंतिणीला वाटीभर तूप द्या" म्हणत जमवलेल्या तुपात वळलेले. तुपाचा वास सातवीच्या वर्गात दरवळला आणि मनुबाईच्या पोटाने तिला दगा देऊन चांगलाच आवाज केला. चंपाबाईने तो ऐकलाच नाही. ऐकूनही न ऐकण्याची तिची ती सफाई बघून मनुबाईला पहिल्यांदा त्या बाईविषयी बरं वाटलं.

"बाळे, तुला आई न्हाई म्हनं," चंपाबाई संयोगिताला म्हणाली. "तर मी आज म्हायेराकडनं आलो असं समज. म्हायेरचं लाडू सासूला इचारून खायाचं नसत्यात. खा."

संयोगिताने सासूकडे बघितलं नाही. लाडू उचलला, एक घास तोंडात घातला, आणि घासाबरोबरच तिला रडू फुटलं. रडत रडत ती खात होती. चंपाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने पुढचा लाडू तयार ठेवत होती.

मग तिने काखेतली घडी सोडली. बाळीसाठी दुपटं होतं. कडा हाताने दुमडून शिवलेल्या, टाके बारीक आणि सरळ. हिरवं कापड, त्यावर पिवळी फुलं.

मनुबाईचे डोळे त्या फुलांवर थांबले. हे कापड तिने बघितलं होतं. वाटपात आलेल्या साड्या सगळ्या याच होत्या, हिरव्या, पिवळ्या फुलांच्या. सोनियाच्या अंगावर तीच होती, अर्ध्या शाळेच्या अंगावर तीच होती. मनुबाईच्या हातात ठेवलेली तिने "आमाला नगं" म्हणून परत केली होती.

"ही साडी वाटपातली," ती म्हणाली.

"व्हय. माझ्या वाट्याची."

"तुमच्या? तुमी रांगंत उभ्या ऱ्हायल्याला?"

"मग कुठं उभी ऱ्हानार अक्का?" चंपाबाई सहज म्हणाली. "आमचं घर पत्र्यापतूर पान्यात हाय. आमचं मालक आदगोंडा तिकडं पाचवीच्या वर्गात पडल्यात, गुडघं धरून. नेसल्या लुगड्यावर आलो आमी. ह्यो डबा तेवढा हातात ऱ्हायला."

जिला ती देणारी म्हणून पाण्यात बघत होती, ती तिच्यासारखीच घर बुडालेली होती. दोन वर्गांपलीकडे, तशाच फरशीवर झोपत होती. बदलायला मिळालेली एकुलती एक साडी तिने फाडून परक्या नातीला दुपटं शिवलं होतं. रांगेत उभी राहून घेतलेलं, आणि घेतलेलंच दिलेलं. मनुबाईने आयुष्यभर भरल्या घरातून दिलं होतं. रिकाम्या हाताने देणारी बाई ती पहिल्यांदा बघत होती, आणि बघता बघता तिच्या मनातला ताठा कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. मनोमन तिने त्या बाईला हात जोडले.

चंपाबाई उठता उठता म्हणाली, "दोन लाडू तुमी बी खावा अक्का. बाळाच्या आज्जीला बी लागतंय."

मनुबाईने खाल्ले. बाळंतविड्यातले लाडू होते, ते खायलाच लागतात.

संध्याकाळी चंपाबाईच्या चुलीवरून संयोगितासाठी मुगाची खिचडी आली, रात्रीसाठी फडक्यात गुंडाळून आणखी लाडू आले. क्रांती शेजारी बसून बाळीला पुन्हा पुन्हा अंगावर घ्यायला लावत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळी चुटूचुटू ओढताना मध्येच थांबली, तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून दुधाचा एक ओघळ गालावर आला, आणि ती तशीच तोंड उघडं टाकून झोपली. संयोगिता हसली. मनुबाईने तो ओघळ पदराने टिपला आणि बराच वेळ पदराचं टोक हातात धरून बसली. दुपारी बाळी उठली आणि पहिल्यासारखी छताला भिडेल अशी रडली. साऱ्या वर्गाने कानावर हात ठेवले. मनुबाईला वाटलं, रडू दे, आणखी रडू दे.

आता पंचाईत एकच होती. तो पितळी डबा.

डबा मनुबाईने राखेने घासून लख्ख केला. पण आलेला डबा रिकामा परत द्यायचा नसतो. निदान चिमूटभर साखर तरी घालायची, एवढी रीत तिला लहानपणापासून ठाऊक. तिने गाठोडं उलटं करून झटकलं. भाकरीचा चुरा पडला. सारा जन्म ऊस लावला, गाड्या भरभरून कारखान्याला घातला, आणि आज डब्याच्या तळाला घालायला साखरेचा दाणा नाही. मनुबाईला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

साखर होती. पटांगणात होती. टेम्पोतून उतरलेल्या पोत्यात होती, आणि त्या पोत्यापुढे रांग होती.

मनुबाई डबा घेऊन वर्गाच्या पायऱ्या उतरली. पटांगण केवढंसं, पण तिला ते संपता संपेना. सगळी शाळा आपल्याकडे बघते आहे असं तिला वाटत होतं. कुणी बघत नव्हतं. जो तो आपल्या वाटीत गुंतला होता. रांगेच्या शेवटी ती उभी राहिली, मान खाली घालून. पुढे सोनिया होती. तिने वळून बघितलं, क्षणभर थबकली, आणि मग जरा बाजूला सरकून म्हणाली, "या आत्ती, हितं सावलीत उभं ऱ्हावा." ताक घेताना मनुबाईने तिला काय काय ऐकवलं होतं, त्यातला एकही शब्द सोनियाने माघारी दिला नाही.

मनुबाईची पाळी आली. तिने डबा पुढे केला. डब्यात साखर पडली, पांढरी, कोरडी.

सूर्य खाली उतरला होता. चंपाबाई चुलीपुढे बसून शेवटच्या पोराला पेज भरवत होती. स्वतःचं ताट बाजूला तसंच कोरडं. मनुबाई तिच्यापुढे उकिडवी बसली आणि डबा तिच्या हातात ठेवला. चंपाबाईने झाकण काढलं, साखर बघितली, मग पटांगणातली रांग बघितली, मग मनुबाईचं तोंड बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"आ करा," मनुबाई म्हणाली. "दिवस हाय अजून." आणि डब्यातली चिमूट तिने स्वतःच्या हाताने चंपाबाईच्या तोंडात घातली. मग पातेल्यातली खिचडी तिच्या ताटात वाढून ताट तिच्या पुढ्यात सरकवलं. "जेवा आधी. बुडायच्या आत."

चंपाबाई जेवली. ताट संपलं तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. सवयीने ती लाकडं ओढून चूल विझवायला वाकली. मनुबाईने तिच्या हातातून लाकूड काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, चंपाक्का. दिवसाची चूल तुमची. आमच्यात दिवस बुडल्याव बी चूल पेटती."

एवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. नवी माणसं उतरली. त्यांतली एक तरुण बाई तान्हं पोर छातीशी धरून फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. अंगावरची साडी भिजलेली, पण चांगली भारीतली. पत्र्याच्या शेडकडे बघायची आणि मान फिरवायची. मनुबाईने ते मान फिरवणं लांबूनच ओळखलं.

तिने चुलीत लाकूड सारलं, फुंकर घातली, पदर खोचला, आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात हाक दिली.

"ये गं बाळे, ताट घिऊन ये! लाजू नगंस. मी बी आत्ताच रांगंत उभी ऱ्हाऊन आलीया."